कारण काहीही असो

“अजून आवळा, सर.”

“बोटं काळीनिळी पडतील.”

“पडू द्या. आवळा.”

मी महानंदाच्या डाव्या मनगटाला पट्टीचा आणखी एक वेढा दिला. सोलापुरातल्या एका बंदिस्त क्रीडासंकुलात, बॅडमिंटनच्या जाळ्या कोंबून ठेवतात त्या खोलीत आम्हाला जागा मिळाली होती. भिंतीपलीकडे हॉलमध्ये डीजे आणि हलगी एकाच वेळी वाजत होती आणि त्या दोघांच्या वर चढून निवेदक घसा फाडत होता, “दणका लीग! नवीकोरी उभ्याची लढत! कुस्ती नाही, लोळणं नाही, फक्त दणका!” सकाळचे अकरा वाजले होते. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझी दुसरी खेळाडू, अठरा वर्षांची तस्लीम बागवान, दोरीवरच्या उड्या मारत होती. तिची लढत महानंदाच्या नंतर होती.

दार ढकलून सिद्धाराम आत आला. महानंदाचा थोरला भाऊ. पोरी आत आहेत, दार वाजवावं, असलं काही त्याच्या डोक्यात येत नसे.

“मास्तर, हिचं किती वाजता हाय?”

“बाराला.”

“म्हणजे एकपर्यंत मोकळी.”

“जिंकले तर मोकळी नाय, अण्णा,” महानंदा म्हणाली.

“जिंकलीस तर. जीप भाईर उभी हाय. दाजींचे चुलते बी आलेत. हरलीस की हितनंच बसायचं. घरला जाऊन रडारड नगं. तुझ्या वैनीनं पिशवी भरून दिलीय.”

“ठरलंय ते ठरलंय.”

“नंतर म्हणू नगं, टाईम द्या म्हणून.”

“अण्णा, जा की भाईर. ही पोरगी कपडे बदलणारे.”

तो गेला. तस्लीमनं दोरी थांबवली आणि म्हणाली, “अक्का, मी कपडे बदललेत कवाच.”

“मग काय झालं? त्याला काय कळतंय?” महानंदा हसली. मग उजवा हात माझ्यासमोर धरला. “हा बी आवळा.”

काय ठरलं होतं ते सांगतो. महानंदा कोळेकर सत्तावीस वर्षांची होती. लग्नाआधी तालुक्यातली नावाजलेली कबड्डीपटू. लग्न करून दुधनीकडं दिली आणि सहा वर्षांनी माहेरी परत आली ती एका कानाचं ऐकू येणं तिकडंच ठेवून. नवऱ्यानं डाव्या कानशिलात मारलं होतं. एकदा नाही. रिंगमध्ये माणूस पडला तर रेफरी आठपर्यंत मोजतो, तोवर दुसऱ्याला हात लावू देत नाही. तिच्या घरात आठपर्यंत मोजणारं कुणी नव्हतं. माहेरी दहा महिने झाले तशी भावकी बोलायला लागली. सिद्धारामला दोन मुली होत्या. त्यांची लग्नं अडतील म्हणाला, परत नांदायला जा. त्याच आठवड्यात मी तिला सांगितलं की नवी लीग येतेय, आणि पहिल्या दिवशी जो जिंकेल त्याला पूर्ण हंगामाचा करार आहे. नऊ महिने पुण्यात. राहणं, जेवण, सराव, सगळं. तिनं भावाला सांगितलं, एक लढत दे मला. एकच. जिंकले तर पुण्याला, हरले तर तू म्हणशील तिथं.

तिला वाटत होतं ती जिंकणार. मलाही वाटत होतं. माझ्याकडं दहा महिने शिकली, पण पाय असे चालायचे की आठ-आठ वर्षं खेळणारी पोरं मागं सरायची. कबड्डीतली चढाई करणारी बाई ती. समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे हे तिला बघावं लागत नव्हतं, तिला ते कळायचं.

आता माझं. मी बसवराज हत्तुरे. दहावी नापास. यंत्रमागावर कांड्या भरल्या, चादरी उचलल्या, आणि किकबॉक्सिंग शिकलो ते भाड्यानं आणलेल्या कॅसेटी बघून. बावीस वर्षं एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर क्लास घेतला. लग्न असलं की सुट्टी. एवढ्या वर्षांत मला कुणी कागदावर प्रशिक्षक म्हणून लिहिलं नव्हतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत गेलो की विचारायचे, तुमची पदवी काय, कोर्स कुठला, आणि मी बाहेरच्या खुर्चीवर बसायचो. दणका लीगनं मला कार्ड दिलं. फोटो, नाव, खाली छापलेलं ‘प्रशिक्षक’. निळी दोरी होती त्याला. ते मी जेवतानासुद्धा गळ्यातून काढलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी नियमांची बैठक झाली. नियम अधिकारी देवस्थळी म्हणून एक गृहस्थ होते, मऊ आवाजाचे, सगळ्यांना अहोजाहो करणारे. त्यांनी एकतीस पानांचं पुस्तक वाटलं. सगळं इंग्रजीत. ते म्हणाले, “आपण आपल्या खेळाडूंना आपल्या भाषेत समजावून सांगा आणि शेवटच्या पानावर सही करा. ही जबाबदारी प्रशिक्षकाची.” मग विचारलं, “कुणाला काही अडचण?”

बाकीच्या प्रशिक्षकांत दोघंतिघं जीन्स घातलेली, फाडफाड बोलणारी पोरं होती. मी म्हणालो, “नो प्रॉब्लेम.”

संकुलाच्या पायऱ्यांवर दोघींना घेऊन बसलो. इंग्रजी मला वाचता येत होतं. म्हणजे अक्षरं वाचता येत होती, आणि शब्द ओळखीचे निघाले की मी त्यांच्या मधली जागा अंदाजानं भरायचो. आयुष्यभर तसंच केलं होतं.

“तीन राउंड, दोन-दोन मिनिटांचे. ठोसा, लाथ, गुडघा चालतो. कोपर नाही. उचलून आपटायचं नाही. समोरच्याला कवेत धरलं तर तीन सेकंदांत सोडायचं.”

“हा नियम आमच्या घरी लावा, सर,” महानंदा म्हणाली. तस्लीम एवढी हसली की तिला ठसका लागला.

“नुसतं मागं मागं पळालात तर पिवळं कार्ड. खाली पडलात तर डाऊन. रेफरी आठ मोजणार. एका राउंडला दोन डाऊन झाले की खेळ खलास.”

“पडायचं नाय मग,” तस्लीम म्हणाली.

महानंदानं बसल्याबसल्या पायरीला बोटं टेकवली. मग म्हणाली, “सर, मी मॅटच्या पाया पडते. ते चालतंय ना?”

तिची सवय मला माहीत होती. कबड्डीत चढाईला निघताना मधल्या रेघेला हात लावून कपाळाला लावायचा. बारा वर्षांची असल्यापासून करत आली. माझ्या गच्चीवर पण दरवेळी करायची. मी ‘फाइट’ म्हटलं की पुढं यायची, वाकायची, बोटं टेकवून कपाळाला लावायची आणि मग जो पाय यायचा तो दिसायचाच नाही. त्या वाकण्यातनंच तिला जोर मिळतो असं ती म्हणायची.

मी पान उलटलं. डाऊनचा नियम शोधला. लांबलचक वाक्य होतं. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग मॅटला लागला तर डाऊन, इतका अर्थ मला लागला. शेवटी तीन शब्द होते. इरिस्पेक्टिव्ह ऑफ कॉज.

मी तिथं बोट ठेवलं. रिस्पेक्ट. हा शब्द मला येत होता. रिस्पेक्ट म्हणजे आदर. कॉज म्हणजे कारण. आदराच्या कारणानं. माझ्या डोक्यात ते वाक्य असं लख्ख बसलं की मला आनंद झाला. ज्यानं कुणी हे नियम लिहिले त्यानं आपल्या मातीतल्या पोरांचा विचार केलाय, असं वाटलं.

“चालतंय,” मी म्हणालो. “हे बघ, लिहिलंयच इथं. रिस्पेक्ट. आदरानं टेकलं तर सोडून दिलंय.”

“नक्की ना सर? एकदा त्या सायबांना विचारा की.”

“मी वाचून सांगतोय ना?”

“तसं नाय सर. माझं सगळं ह्याच्यावर हाय म्हणून म्हणलं.”

“महानंदा, एवढं इंग्रजी येतं मला.”

ती हो म्हणाली. मी शेवटच्या पानावर सही ठोकली आणि देवस्थळींकडं पुस्तक दिलं. विचारायला एक मिनिट लागलं असतं. ते समोर चहा पीत उभे होते. ती जीन्सवाली पोरं त्यांच्या बाजूला होती म्हणून मी विचारलं नाही. बस, एवढंच कारण.

आता लढत. समोर नगरची पोरगी होती, उंच, हात लांब. पहिल्या राउंडला रेफरीनं दोघींना मध्ये बोलावून हात मिळवले, तेवढ्यात महानंदा वाकून मॅटच्या पाया पडली. अजून घंटा झाली नव्हती. कुणी काही बोललं नाही. मी मनात म्हणालो, बघ. मग घंटा झाली आणि दोन मिनिटं जे झालं ते मी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. नगरच्या पोरीचे लांब हात हवेतच राहिले. महानंदा आत शिरायची, मांडीवर दोन लाथा, बरगडीत एक ठोसा, आणि बाहेर. लोक उभे राहिले. कठड्याशी उभ्या असलेल्या सिद्धारामनं तोंडात तंबाखू धरून ठेवली होती, तो थुंकायला विसरला. त्याच्या शेजारी नवऱ्याचे चुलते, पांढरी टोपी, हाताची घडी.

कोपऱ्यात आली तेव्हा ती हसत होती. मी पाणी दिलं.

“पुणं लांब हाय का सर?”

“चार तास.”

“एवढंच?”

तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, असंच खेळ, डावा हात वर ठेव, कान झाक. घंटा झाली. दुसऱ्या राउंडला मध्ये बोलावणं नसतं. रेफरी म्हणाला, “फाइट!” महानंदा दोन पावलं पुढं आली, वाकली, ग्लोव्ह मॅटला टेकवला, कपाळाला लावला.

रेफरीनं दोघींच्या मध्ये हात घातला.

“डाऊन! एक… दोन…”

सगळा हॉल खुळ्यासारखा बघत राहिला. तिला कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. निवेदक म्हणाला, “अरेरे! महानंदा पडली!”

मी दोर धरून ओरडलो, “पडली नाही हो! पाया पडली! पाया पडली ती!”

रेफरी केरळकडचा का कुठला होता, त्याला ते दोन शब्द सारखेच. तो मोजत राहिला. महानंदानं माझ्याकडं बघितलं. हॉलमध्ये एवढा गोंधळ होता की तिला चांगल्या कानानंही ऐकू येत नव्हतं. तिनं ग्लोव्ह खाली दाखवला, मग मान हलवून विचारलं, हे नको का?

आणि मी काय केलं असेल? मी छातीवरचं कार्ड एका हातानं धरलं, खाली वाकून दुसरा हात जमिनीला टेकवला आणि कपाळाला लावून दाखवला. कर. बरोबर आहे तुझं. रेफरी चुकतोय. कर.

आठ झाले. रेफरीनं तिचे ग्लोव्ह पुसले. “फाइट!”

ती पुढं आली, वाकली आणि टेकवला.

रेफरीनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. दोन डाऊन. खलास. नगरच्या पोरीनंसुद्धा हात वर केला नाही. ती आपल्या कोपऱ्याकडं बघून विचारत होती, झालं काय?

मी टेबलाकडं धावलो. देवस्थळी उठून उभे राहिले. मी पुस्तक आपटलं, पान काढलं, त्या शब्दावर बोट ठेवलं. “साहेब, हे काय लिहिलंय? रिस्पेक्ट लिहिलंय ना? आदरानं टेकवला तिनं!”

देवस्थळींनी चष्मा लावला. त्यांनी शब्दाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मी त्यांना मारलं असतं आणि प्रकरण वेगळंच झालं असतं. ते हळू आवाजात, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, “हत्तुरे, ह्याचा आदराशी संबंध नाही. ह्याचा अर्थ, कारण काहीही असो.”

कारण काहीही असो. म्हणजे चक्कर येऊन टेकवा, घसरून टेकवा, देव म्हणून टेकवा. सगळं एकच.

“आपण खेळाडूला काय सांगितलं होतं?” त्यांनी विचारलं.

मी पुस्तक मिटलं.

“हे बघा, अजून वाट आहे. नियम खेळाडूला सांगितला नसेल किंवा चुकीचा सांगितला असेल, तर प्रशिक्षकानं तसं लिहून द्यायचं. लढत रद्द होते, चार वाजता पुन्हा खेळवू. खेळाडूचं काही नुकसान नाही.” त्यांनी एक छापील कागद पुढं सरकवला. त्यावर दोन चौकटी होत्या. “मात्र आपलं कार्ड ह्या हंगामापुरतं जमा करावं लागेल. तसा नियम आहे. दुसऱ्या चौकटीत खूण केली, म्हणजे बरोबर समजावलं होतं, तर निकाल कायम.”

तोवर महानंदा खाली उतरून माझ्या मागं आली होती. सिद्धारामही कठडा ओलांडून आला. देवस्थळींनी तिलाही विचारलं, “ताई, आपल्याला हा नियम सांगितला होता का?”

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर घाम होता, भीती नव्हती. वाट आहे हे तिनं ऐकलं होतं.

“सरांना विचारा,” ती म्हणाली. “जे झालं ते सर सांगतील.”

पेन माझ्या हातात होतं. टेबलापलीकडं ती जीन्सवाली पोरं मोबाइल काढून उभी होती. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, “रिस्पेक्ट म्हणे!” आणि ते हसून फुटत होते. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सोलापुराला कळणार होतं की हत्तुरेला इंग्रजी येत नाही. कार्ड जाणार, परत ती बाहेरची खुर्ची, परत तुमचा कोर्स कुठला. मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं की माझं कार्ड गेलं असतं तर तस्लीमला कोपऱ्यात कुणी नसतं, तिचं वर्ष गेलं असतं, म्हणून मी तसं केलं. लोकांना पटलं. त्यात काडीचं खरं नाही. पेन टेकवताना तस्लीम माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती.

मी दुसऱ्या चौकटीत खूण केली.

“बरोबर समजावलं होतं,” मी मोठ्यानं म्हणालो, त्या पोरांना ऐकू जाईल असं. “सांगितलं होतं मी तिला. सवय हो. बाईमाणूस, ऐकतंय कुठं.”

हे शेवटचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून बोललो.

देवस्थळींनी कागद उचलला. माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि शिक्का मारला. त्याला आता अकरा वर्षं झाली. लीग दोन हंगाम चालून बंद पडली, देवस्थळी कुठं आहेत माहीत नाही, पण तो शिक्का मारायच्या आधीचा त्यांचा थांबलेला हात मला दिसतो. मी म्हणालो असतो, थांबा, तर ते थांबले असते. ते वाटच बघत होते.

“झालं का?” सिद्धाराम म्हणाला. “मास्तरांनी सांगितलं होतं, तू ऐकलं नाईस. तुझं कायमचंच हाय ते. चल.”

महानंदानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. मला वाटलं, आता बोलेल. पण ग्लोव्ह माझ्या क्लासचे होते, ते काढून द्यायचे होते तिला. मी दोऱ्या सोडायला लागलो. गाठ सुटेना. तिनं दातानं सोडवली.

“पट्ट्या राहू द्या,” ती म्हणाली. “जीपमध्ये सोडीन.”

“महानंदा…”

“उशीर होतोय सर. चुलते थांबलेत.”

ती गेली. भाऊ पुढं, ती मागं, पांढरी टोपी सगळ्यात मागं. मी तिथंच उभा राहिलो, पुढची लढत सुरू झाली, संपली, निवेदक ओरडत राहिला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, “चालायचंच, मास्तर.” मी त्याला हो म्हणालो.

मग तस्लीमचं नाव पुकारलं. मी त्या जाळ्यांच्या खोलीकडं गेलो. ती ग्लोव्ह घालून बाकावर बसली होती. डोळे लाल होते. मी तिच्यासमोर बसलो, तिच्या दोऱ्या तपासल्या, आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न केला.

“तस्लीम, एक नीट ऐक. मॅटला हात…”

“लावायचा नाय. म्हायतीय सर.”

“कुणी सांगितलं?”

“अक्कानं. मगाशी जीपमध्ये पिशवी ठेवून पळत आली. म्हणाली, काय बी कारण असू दे, हात लागला की डाऊन धरतेत. घसरलीस तरी ग्लोव्ह टेकवू नको, गुडघा टेकवू नको. तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडनं.” ती थांबली. “म्हणाली, सरांच्या ध्यानात आलं नव्हतं काल, म्हणून मी सांगते. त्यांना काय बोलू नको.”

बाहेर दुसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं.

“अजून काय म्हणाली?”

“काय नाय,” तस्लीम उठली. “जीपवाले हॉर्न मारायले होते.”